ध्यान आहे, पण इथे नाही

म्हसवडच्या एस. टी. स्थानकात दहिवडीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक आजी आणि त्यांचा नातू. नातू चौथी-पाचवीतला असावा. अंगात गणवेश, पाठीला दप्तर, नजर रस्त्याकडे. आजींनी पिशवीतून एक प्रगतिपुस्तक काढले आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘‘दादा, जरा बघा की हितं काय लिवलंय. पोराला इचारतीया तर सांगंना.’’

गुण बरे होते. खाली शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द होते : ‘व्हेरी डिस्ट्रॅक्टेड’.

‘‘आजी, वर्गात लक्ष नसतं त्याचं, असं लिहिलंय,’’ मी सांगितले.

आजींनी पुस्तक परत घेतले, पदराने पुसले आणि पिशवीत ठेवले. ‘‘आईबाप तिकडं तमिळनाडात, गलाईच्या दुकानात. दिवाळीला येतो म्हनले हुते, आलं न्हाईत. ध्यान न्हाई कसं म्हनायचं? ध्यान हाय की. निस्तं हितं न्हाई.’’

गाडी आली, मी चढलो. पण आजींचे ते शेवटचे वाक्य माझ्याबरोबर आले. शाळेच्या शेऱ्यात जे नव्हते ते त्या वाक्यात होते. आपण सुशिक्षित माणसे हल्ली हा ‘डिस्ट्रॅक्शन’ शब्द घरीदारी इतका वापरतो, की तो नेमका कशासाठी वापरतो आहोत याचा विचार करायची गरजच कुणाला वाटत नाही.

जरा आठवून पाहा. ‘अभ्यासाच्या खोलीत टीव्ही नको, डिस्ट्रॅक्शन होतं.’ ‘मोबाइल म्हणजे नुसतं डिस्ट्रॅक्शन.’ ‘परीक्षा जवळ आलीय, त्याला डिस्ट्रॅक्ट करू नका.’ मराठीत रुळलेला हा शब्द जवळजवळ प्रत्येक वेळी बाहेरच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवतो. ती वस्तू उचलून कपाटात ठेवली, की लक्ष आपोआप जागेवर येईल, अशी त्यामागे समजूत असते. आणि वस्तू सापडली नाही, की बोट वळते ते मुलाकडे. मग तो स्वतःच ‘डिस्ट्रॅक्टेड’ ठरतो. म्हणजे एक तर मोबाइल दोषी, नाही तर पोरगा दोषी. तिसरे काही असू शकते, हे या शब्दाला सुचतच नाही.

त्याच्या मायभाषेत मात्र हा शब्द इतका अरुंद नव्हता. मूळ लॅटिन : ‘डिस्’ म्हणजे वेगवेगळ्या दिशांना, ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. आपला ट्रॅक्टर याच ‘ओढण्या’च्या घराण्यातला. म्हणजे डिस्ट्रॅक्शन म्हणजे ओढाताण. मन एक आणि दोर अनेक. म्हसवडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. देवदिवाळीला, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा दोरखंडांना कितीतरी हात लागलेले असतात आणि सगळी ओढ एका बाजूला असते, म्हणून तर तेवढा मोठा रथ हलतो. तेच हात चार दिशांना ओढू लागले तर रथ जागचा हलणार नाही, मोडेल मात्र. इंग्रजी शब्दात हे मोडणेसुद्धा होते. शेक्सपिअरच्या काळात ‘डिस्ट्रॅक्टेड’ म्हणजे सरळ वेड लागलेला. ‘डिस्ट्रॉट’ हा दुःखाने सैरभैर झालेल्या माणसासाठीचा शब्द त्याचाच जुना सख्खा भाऊ. एखाद्याला छळून वेडापिसा करणे, याला इंग्रजीत आजही डिस्ट्रॅक्शनपर्यंत नेणे असे म्हणतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1641 साली ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ नावाची कायद्यांची संहिता केली. तिच्यात कायद्याने सवलत कुणाला द्यायची, याचे एक कलम आहे. लहान मुले, मतिमंद, ‘डिस्ट्रॅक्टेड’ माणसे, परके आणि वसाहतीत नव्याने आलेले लोक, अशी ती यादी आहे. मला ही यादी फार बोलकी वाटते. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या कडव्या, धर्मनिष्ठ लोकांनी लहान मूल, चित्त ठिकाणावर नसलेला माणूस आणि गावात नवखा असलेला माणूस यांना एका ओळीत बसवले, आणि त्यांना सांभाळून घ्यावे असे लिहून ठेवले. आज तोच शब्द शेऱ्यात येतो तेव्हा त्यात सवलत शिल्लक नसते, तक्रार तेवढी असते.

इंग्रजीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मराठीत आलाच नाही. फ्रेंचांकडून उचललेला अर्थ : विरंगुळा. रोजच्या रगाड्यातून मन क्षणभर दुसरीकडे नेणारी सुखाची गोष्ट, तीही डिस्ट्रॅक्शनच. गावाची जत्रा, कुस्त्यांचा फड, शेजारणीशी उंबऱ्यावर केलेल्या गप्पा हे सगळे त्यात बसते. आपण शब्द घेतला तो त्यातली कटकट तेवढी घेऊन. विरंगुळा मागेच राहिला, आणि मुलांच्या वेळापत्रकातूनही तो हळूहळू हद्दपार होतो आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली मानसशास्त्राच्या मूलतत्त्वांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अवधानावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अवधानाच्या नेमक्या उलट अशी मनाची जी गोंधळलेली, विखुरलेली स्थिती, तिला नाव देताना तो फ्रेंचांचा ‘डिस्ट्रॅक्शन’ आणि जर्मनांचा ‘त्सेरश्ट्रॉइटहाइट’ असे दोन शब्द पुढे करतो. जर्मन शब्दाचा अर्थ विखुरलेपण. धान्य अंगणात सांडावे आणि वेचायला हात पुरू नयेत, तसे. लॅटिन माणसाला मन ओढले गेलेले दिसले, जर्मनाला सांडलेले. आणि आपल्या पूर्वजांना? त्यांना ते फेकलेले दिसले. विक्षेप, म्हणजे इकडेतिकडे फेकणे.

पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांची यादी आहे आणि तिच्यात नऊ गोष्टी आहेत. आळस आहे, तो असणारच. पण यादीत पहिला कोण? व्याधी. मग मनाची जडता, संशय, गाफीलपणा, नंतर आळस, असे करत यादी पुढे जाते, आणि एखादी पायरी गाठूनही तिथे टिकता न येणे, इथे संपते. म्हणजे मन विखुरले असे दिसले, तर आधी प्रकृती विचारा, शंका विचारा. आळसाचा आरोप पाचव्या क्रमांकावर. प्रगतिपुस्तकात नऊ रकाने असते तर बरे झाले असते.

व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. यातले ‘विक्षिप्त’ चित्त तिसऱ्या पायरीवर, मध्यभागी आहे. ते भटकते, पण अधूनमधून स्थिरही होते. म्हणजे त्याच्याकडून आशा आहे. पुढे या शब्दाचे काय झाले पाहा. मराठीत विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक, आणि हिंदीत तर चक्क वेडा. इंग्रजीत जे ‘डिस्ट्रॅक्टेड’चे झाले तेच इकडे ‘विक्षिप्त’चे. दोन दूरच्या समाजांनी मनाच्या भटकण्याला नाव दिले आणि दोघांनीही पुढे त्या नावाचे वेडात रूपांतर केले. ज्याचे मन आपल्याबरोबर नाही त्याची माणसाला भीती वाटते की काय, कोण जाणे.

पण पोथ्यांपेक्षा मला बोलीचा आधार अधिक वाटतो. माणदेशात, आणि एकूण सातारा-सांगलीकडे, या एका गोष्टीला किती शब्द आहेत! पोरगा खिडकीबाहेर बघतोय, त्याचे ‘ध्यान नाही’. नव्या नवरीचे ‘मन लागत नाही’. कर्जाची नोटीस आलेल्याचे ‘चित्त थाऱ्यावर नाही’. लेकरू रात्री घरी परतले नाही, त्या आईच्या ‘जिवाला घोर लागला’. गाण्यात बुडालेला ‘नादात’ आहे. मागावर बसलेल्या सणगराची ‘तंद्री’ लागली आहे. (ध्यान शब्दाची गंमत अशी, की ‘काय ध्यान आहे!’ म्हटले की तेच ध्यान गबाळ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते.) या सगळ्यांना आपण आता एकच शब्द वापरतो. सहा वेगवेगळ्या दुखण्यांवर एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही.

म्हसवडच्या घोंगड्या प्रसिद्ध. घोंगडी विणताना आधी मागावर उभे धागे ताणून घ्यावे लागतात, तो ताणा. त्याला ताण नीट नसेल तर पुढचे सगळे विणकाम फसते. आता मौज अशी, की इंग्रजी ‘अटेन्शन’ हा शब्दही ताणण्याचाच आहे : लॅटिन ‘आद्-तेन्देरे’, एखाद्या गोष्टीकडे ताणणे. हे ‘तेन्देरे’ आणि संस्कृतातला ‘तन्’ धातू एकाच मुळाचे. म्हणजे अटेन्शन, मागावरचा ताणा आणि आपण रोज ज्याच्याविषयी कुरकुरतो तो मनावरचा ताण, ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे. धागा ताणला तर अवधान होते, जास्त ताणला तर तुटतो. लक्ष दे, लक्ष दे म्हणून मुलाच्या डोक्यावर बसणाऱ्या आईबापांना हा विणकामाचा हिशेब कळायला हरकत नाही.

याच माण तालुक्यात गोंदवले आहे. तिथले ब्रह्मचैतन्य महाराज (1845 ते 1913) यांच्याकडे येणाऱ्या लोकांची नेहमीची तक्रार कोणती, तर नाम घेतो पण मन लागत नाही. महाराजांच्या शिकवणुकीचा रोख असा, की मन भटकते म्हणून त्याच्यामागे काठी घेऊन धावू नये. नाम सोडू नये. मला यात भक्तीइतकाच व्यवहारही दिसतो. मन पळाले म्हणून जो स्वतःला शिव्या देत बसतो, त्याचे उरलेले लक्षही त्या शिव्यांतच जाते. सातशे वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले, तेही किती आर्जवाने! अवधान ही मागून घ्यायची वस्तू आहे, ऐकणाऱ्याने आपणहून द्यायची आहे, हे त्यांना माहीत होते.

आता आजींच्या वाक्याकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. ‘ध्यान हाय, निस्तं हितं न्हाई.’ खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जुने दागिने वितळवायचे, सोने शुद्ध करायचे, असा हा भट्टीजवळचा धंदा. पाऊस न देणाऱ्या जमिनीने माणसे बाहेर ढकलली. काही भट्ट्यांवर गेली, काही उसाच्या फडात, काही मेंढरांमागे. पोरे पुष्कळदा आजी-आजोबांकडे राहिली. त्यातल्या एखाद्याचे मन वर्गातून उठून दीड हजार किलोमीटरवर जाऊन बसत असेल, तर त्याच्यात अवधानाची कमतरता आहे असे कसे म्हणावे? ते तर एका जागी घट्ट चिकटलेले आहे. फळा ती जागा नाही, इतकेच.

व्यंकटेश माडगूळकर शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो आणि पाहतो, तर शाळेला पोरे नाहीत; ती मेंढरांमागे आहेत. मास्तर त्यांच्यावर शेरा मारत नाही, तो वाडीत राहतो, वाडीची भांडणे, लग्ने, चिंता समजून घेतो आणि मग शाळा भरू लागते. शेवटी दुष्काळ येतो, वाडी उठते आणि शाळा पुन्हा ओस पडते. मास्तर कितीही चांगला असला तरी पोरांचे ध्यान आभाळाकडेच असणार, हे माणदेशच्या माणसाने लिहिले म्हणून त्याला वजन आहे.

आणि ही केवळ हळव्या मनाची कल्पना नाही. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ या चार संशोधकांनी 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळनाडूतल्या विलुपुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतले 464 ऊस शेतकरी त्यांनी निवडले. ऊस तोडणीपूर्वी हात रिकामा असतो, उसनवारी चाललेली असते. तोडणीनंतर पैसा येतो. त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी एकदा आणि तोडणीनंतर एकदा, अशी दोनदा बुद्धीची आणि अवधानाची चाचणी घेतली. आकृत्यांतला पुढचा दुवा ओळखणे, अंक पाहून चटकन उत्तर देणे, असे प्रश्न. तोडणीनंतर त्याच माणसांना जास्त उत्तरे बरोबर आली आणि चुका कमी झाल्या. माणसे बदलली नव्हती, त्यांची अक्कल बदलली नव्हती. डोक्यातली विवंचना तेवढी उतरली होती. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढे काहींनी आक्षेपही घेतले, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानू नये. पण ज्याने घरात जूनचा कोरडा महिना पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. 1972 पाहिलेले, 2012-13 पाहिलेले, 2018-19 मध्ये जनावरे घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत मुक्काम टाकलेले लोक याच गावात आहेत. छावणीत राहणाऱ्या बापाच्या पोराला ‘अभ्यासात लक्ष दे’ म्हणताना आवाज थोडा तरी खाली यावा.

उलट, जिथे जीव गुंतलेला असतो तिथे हेच लक्ष किती धारदार असते, त्याचेही उदाहरण म्हसवडमध्येच आहे. चेतना गाला सिन्हा यांनी इथे स्त्रियांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला नाही. बायका अक्षरे शिकायला बसल्या. पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे गेल्या तेव्हा त्यांनी म्हटले, कुठल्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगते. ही हकीकत सिन्हा यांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. माणदेशी महिला सहकारी बँक 1997 साली सुरू झाली. या बायकांना कुणी शाळेत बसवले असते तर त्यांच्या प्रगतिपुस्तकावर काय शेरा पडला असता, याचा अंदाज मी करू शकतो.

मोबाइलचा त्रास खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो आहे, आणि मोठ्या माणसांना जास्त आहे. माणसाची नजर अडकवून ठेवणे हाच ज्यांचा धंदा, अशा कंपन्यांनी तो मुद्दाम तसा केला आहे. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याला ‘डिस्ट्रॅक्टेड’ म्हणावे, जरूर म्हणावे. तिथे तो शब्द चपखल बसतो. काही मुलांच्या बाबतीत अवधान न टिकण्याचे कारण मेंदूच्या जडणघडणीत असते आणि तिथे डॉक्टरांचा सल्ला हवा, शेरा नको. माझी हरकत आहे ती चिंतेला आणि चाळ्याला एकच नाव देण्याला. चाळा हातातून काढून घेता येतो. चिंता काढून घेता येत नाही, ती विचारावी लागते. एकच शब्द वापरला की आपण दोन्हींवर एकच उपाय करतो : काढून घ्या. ज्या पोराचे आईबाप दूर आहेत त्याच्याकडून आपण फोनही काढून घेतो, आणि त्याच फोनवर संध्याकाळी त्याच्या आईचा आवाज येणार असतो.

शब्द परका आहे म्हणून तो हाकलावा, असा आग्रह मी धरणार नाही. टेबल, बस, गाजर आणि साबण पचवणाऱ्या भाषेला एक डिस्ट्रॅक्शन जड नाही. फक्त तो तोंडावर आला की त्याच्या जागी एक मराठी शब्द घालून बघावा. लक्ष उडाले, मन लागत नाही, घोर लागला, नादात आहे, तंद्री लागली, यांतला कोणता बसतो ते पाहावे. जो बसेल त्याच्याबरोबर पुढचा प्रश्न आपोआप येतो. ‘लक्ष उडाले’ म्हटले की विचारावेसे वाटते, कशाने? ‘मन लागत नाही’ म्हटले की, कुणाची आठवण येते? ‘घोर लागला’ म्हटले की, कशाचा? ‘तंद्री लागली’ म्हटले की काही विचारू नये, गुपचूप दार ओढून घ्यावे.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका खटाव तालुक्यातल्या एका शाळेत आहेत. त्या शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजी लिहीत नाहीत. गेल्या सहामाहीत एका मुलीच्या पुस्तकात त्यांनी लिहिले होते : ‘मन लागत नाही. विचारले. आजोबा दवाखान्यात आहेत. गणिताची पाने पुढच्या महिन्यात करून घेऊ.’